आवाज कुठून येतो यापेक्षा कधी येतो ते बघा

जुन्या, चेसिसवर बांधलेल्या एसयूव्हीत आवाजाचा माग नुसत्या कानाने काढायला गेलात, तर बहुतेक वेळा चुकीच्या जागी पोहोचाल. मागच्या एक्सलच्या बेअरिंगची घरघर चेसिसच्या लोखंडातून पुढे सरकते आणि चालकाच्या पायाखालून आल्यासारखी वाटते. म्हणून आवाज कधी येतो ते आधी नोंदवावं. वेगाबरोबर बदलतो का, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो का, ॲक्सिलरेटर सोडला की थांबतो का, वळणावर वाढतो का, की फक्त खड्ड्यात येतो? याची उत्तरं नीट मिळाली की एकही बोल्ट न उघडता बरेच सुटे भाग संशयातून सुटतात.

पहिली चाचणी सोपी आहे. ज्या वेगाला गाडी थरथरते, तोच वेग एक गिअर खाली घेऊन धरा. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या तरी थरथर होती तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच निर्दोष. दोष गिअरबॉक्सच्या पुढे चाकापर्यंत कुठेतरी आहे, कारण तिथल्या प्रत्येक भागाचा वेग गाडीच्या वेगाशी बांधलेला असतो.

आता थोडं गणित. २३५/७५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण २.३ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १० फेऱ्या घेतं. एक्सलमधल्या, दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ४.१ असेल तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून एक्सलला जोर नेणारा लांब दांडा) त्याच वेळात ४० फेऱ्या घेतो. चाकाचा बॅलन्स बिघडला असेल तर कंपन १० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १० वेळा येतं, शाफ्टचा बॅलन्स बिघडला असेल तर ४० ला, आणि शाफ्टच्या टोकाच्या क्रॉसचा (वाकूनही फिरणाऱ्या सांध्यातल्या अधिक-चिन्हासारख्या तुकड्याचा) कोन बिघडला असेल तर ८० ला. १० चं कंपन स्टीअरिंगला किंवा सीटला सावकाश हलवतं. ४० आणि ८० चं फरशीतून पायाला झिणझिण्या आणतं. मोबाइलमधल्या कंपन मोजणाऱ्या ॲपने हा आकडा थेट बघता येतो. फक्त सेन्सर सेकंदाला किती नोंदी घेतो ते आधी तपासा. ८० हर्ट्झ पकडायला १६० पेक्षा जास्त नोंदी लागतात. दर १०० चा असेल तर तेच कंपन २० हर्ट्झला दिसेल आणि तुम्ही भलत्याच भागामागे लागाल.

क्रॉसमुळे दुप्पट आकडा का येतो, हे कळलं की पुढच्या चुका टळतात. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा एक शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो, २० अंशांत सहा टक्क्यांवर जातो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच फरक उलटा करून पुसून टाकतो, पण त्यासाठी दोन गोष्टी जमाव्या लागतात: दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे काटे) एका रेषेत हवेत. गाडी उंच करायला स्पेसर टाकले की कोन बदलतात. शाफ्ट उघडून त्याचा सरकता जोड (लांबी कमी-जास्त होऊ देणारा खाचांचा जोड) एक-दोन दात चुकवून बसवला की रेषा बिघडते, आणि नवे क्रॉस टाकूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. म्हणून शाफ्ट उतरवण्यापूर्वी फ्लँज (शाफ्ट बोल्टने जिथे जोडतात ती चकती), योक आणि सरकता जोड या तिन्हींवर रंगाची खूण कराच.

क्रॉस तपासताना जोडाच्या दोन्ही बाजू दोन हातांत धरून उलट दिशांना पिळा. हाताला जाणवेल इतकाही प्ले (सैलपणा) असेल तर क्रॉस बदलायचा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपांजवळ तांबूस गंजाची भुकटी दिसली तर कपातल्या सुया (सुईसारखे बारीक रोलर) कोरड्या पडल्या आहेत. प्ले अजून आला नसला तरी तो येणारच. नवीन क्रॉस बसवताना एखादी सुई कपाच्या तळाशी आडवी पडते. मग कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप (कप अडकवणारी कडी) खाचेत बसत नाही. अशा वेळी हातोडा वापरू नका. कप काढून सुई सरळ करा. निपल असलेल्या क्रॉसला चारही सीलमधून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरायचं. एकाच बाजूने आलं तर बाकीचे तीन कप कोरडेच आहेत.

खाली शिरण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. ऑटोमॅटिक गाडीतला 'पी' (पार्किंग) हा गिअरबॉक्सचा बाहेर पडणारा शाफ्ट अडकवतो, चाकं नव्हे. प्रॉपेलर शाफ्ट काढला किंवा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये टाकली की 'पी' चा चाकांशी संबंध तुटतो आणि गाडी घरंगळते. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक शाफ्टवरच असतो. तिथे मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफरन्शिअल ते चाक उलटं फिरू देतो आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि वजन घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर विसंबून खाली जायचं नाही.

गाडी सुटताना किंवा ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना 'ठक्' असा आवाज येत असेल तर तो अनेक ठिकाणच्या प्लेची बेरीज असू शकतो. न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवून बघा. शाफ्ट हलतो पण पिनियनचा (शाफ्ट फिरवतो त्या डिफरन्शिअलच्या छोट्या गिअरचा) फ्लँज स्थिर राहतो, तर दोष क्रॉसमध्ये. फ्लँजही हलतो पण चाक हलत नाही, तर तो डिफरन्शिअलमधला प्ले, आणि थोडा प्ले तिथे हवाच असतो. क्राउन (पिनियन फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनच्या दातांमधली फट बहुतेक एक्सलमध्ये ०.१ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून डायल गेजने मोजावा. कित्येकदा या ठक्-चं कारण फक्त सरकत्या जोडातलं सुकलेलं ग्रीस असतं. त्यामुळे डिफरन्शिअल उघडण्याआधी ग्रीस गन चालवून बघा.

डिफरन्शिअलची खरी प्रकृती त्याच्या तेलात दिसते. भरण्याचं झाकण आधी उघडायचं, मग निचऱ्याचं. वरचं झाकण गंजून अडकलंय हे तेल सांडून गेल्यावर कळलं तर गाडी जागची हलवता येणार नाही. निचऱ्याच्या बोल्टच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असणं ही नेहमीची झीज. चकत्या किंवा कण बोटाला टोचले तर बेअरिंग किंवा दात तुटत आहेत. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि पाणी जिथून शिरतं ती जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एक्सलवर हवा खेळण्यासाठी ब्रीदर नावाची छोटी नळी असते. ती चिखलाने बुजलेली असते आणि तापलेला एक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरतो. आतली हवा झटकन थंड होऊन आकसते, आत दाब कमी होतो आणि ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. उलट, लांब प्रवासात हवा तापून फुगते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. अशा वेळी नवं सील टाकूनही गळती परत येते. सील बदलताना ब्रीदर साफ करणं म्हणून अत्यावश्यक आहे; पाण्यातून जाणाऱ्या गाडीत त्याला लांब नळी जोडून ती इंजिनाच्या भागात उंच न्यावी.

हायपॉइड (पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून सरकवून बसवलेल्या) डिफरन्शिअलमध्ये दात एकमेकांवर जोरात घसरतात, म्हणून तिथे जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. तेच तेल पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं पितळ खाऊ शकतात. मॅन्युअल जीएल-४ सांगत असेल तर जीएल-४ च. आणखी एक: पिनियनचं सील बदलताना नट उगाच जास्त आवळला की आतली दबणारी स्लीव्ह (बेअरिंगमधलं अंतर राखणारी नळी) कायमची दबते, बेअरिंगवर जादा ताण येतो आणि ते जळतं. नट सैल केल्याने स्लीव्ह परत फुगत नाही, नवीच घालावी लागते. नट उघडण्यापूर्वी त्याची जागा खुणेने नोंदवा.

वेगाबरोबर वाढणारी 'हूं' अशी घरघर टायरची की बेअरिंगची, हे वळणावर कळतं. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित. रस्त्याचा पोत बदलल्यावर आवाज बदलत असेल तर टायर.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (ज्यावर चाक वळतं तो सांधा). डावी-उजवीकडून हलवून प्ले मिळाला तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीचं टोक) बघा. इथे जॅक कुठे लावता त्यावर निकाल बदलतो. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) खालच्या आर्मवर (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्यावर) असेल तर जॅक त्याच आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ जमेल तितका लावा. चेसिसखाली लावलात तर स्प्रिंग जॉइंटला घट्ट दाबून धरते आणि झिजलेला बॉल जॉइंट चांगला वाटतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर उलट, जॅक चेसिसखाली.

बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) बदलले आणि वर्षभरात फाटले, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा रबराचा दोष नसतो. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते पिळ घेऊन काम करतं. आर्म हवेत लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, मगच टॉर्क पान्याने आवळा. पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) टोकाला असलेल्या शॅकल या हलत्या कड्यांच्या बुशांनाही हाच नियम. पाटे उघडले असतील तर त्यांना एक्सलशी बांधणारे यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा; थर बसतात आणि ताण कमी होतो. ते सैल राहिले की मधला बोल्ट तुटून एक्सल मागे सरकतो.

शॉक ॲब्झॉर्बर तपासायला खराब रस्त्यावरून आल्यावर चारही शॉक हाताने जपून चाचपा. तो उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलतो. जो थंड राहिला तो काम करत नाही.

अखंड पुढचा एक्सल असलेल्या गाडीत विशिष्ट वेगाला खड्डा लागला की स्टीअरिंग वेड्यासारखं हलू लागतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. हे कंपन स्वतःला पोसतं: प्ले असलेले जोड प्रत्येक झोक्याला नवा जोर देतात. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, मदतनीस स्टीअरिंग थोडं डावी-उजवीकडे झटपट हलवतोय आणि तुम्ही खालून प्रत्येक जोड बघताय; यात दोष सापडतो. पॅनहार्ड रॉडची (एक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांडीची) भोकं आधी बघा, सैल बोल्टने ती अंडाकृती झालेली असतात. नवा स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झोके शोषणारा शॉक) टाकला की हलणं थांबल्यासारखं वाटतं, पण तो प्ले झाकतो आणि पुढे स्वतःही झिजतो. आधी प्ले काढा, मग टायर बॅलन्स, मग अलाइनमेंट, आणि तरीही गरज वाटली तरच डॅम्पर.