कटिशूल : भौतिकोपचार आणि तंत्रिका तंत्र

कटिशूल म्हणजे शेवटच्या बरगडीपासून नितंबाच्या खालच्या घडीपर्यंतच्या भागातील वेदना, बोलीत कंबरदुखी. ती तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास दीर्घकालीन समजतात. २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना हा त्रास होता, असा अंदाज आहे. बहुसंख्य रुग्णांत नेमके कारण दाखवता येत नाही. ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ ही निदाने बोलण्यात जितकी आढळतात तितकी तपासणीत आढळत नाहीत.

वेदना पायात उतरत असेल तर भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) रुग्णाला उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय उचलतो. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली नेहमीची कळ उठली, तर कटीच्या खालच्या तंत्रिकामुळांना, म्हणजे कण्यातून निघणाऱ्या तंत्रिकांच्या (नसांच्या) मुळांना, इजा वा दाह असण्याची शक्यता धरतात. ही परीक्षा फ्रेंच वैद्य शार्ल लासेग याच्या नावाने चालते. परंतु त्याच्या १८६४ च्या सायटिकावरील (कंबरेतून पायात उतरणाऱ्या तंत्रिकेच्या वेदनेवरील) लेखात ती नाही. तिचे वर्णन त्याचा शिष्य फोर्स्ट याच्या १८८१ च्या पॅरिसमधील प्रबंधात येते व त्यात श्रेय गुरूला दिलेले आहे. त्याआधी, १८८० मध्ये, सर्बियन वैद्य (आणि कथाकार) लाझा लाझारेविच याने हीच परीक्षा सर्बियन भाषेत मांडली होती. जर्मन वाचकांपर्यंत ती १८८४ मध्ये पोहोचली. कालानुक्रमापेक्षा स्पष्टीकरणातला फरक महत्त्वाचा आहे. फोर्स्टच्या मते मांडीमागच्या स्नायूंनी तंत्रिका दाबली जाते, तर लाझारेविचच्या मते ती ताणली जाते. पुढील शवविच्छेदनांनी दुसऱ्या मतास पुष्टी दिली : पाय उचलताना तंत्रिकांची मुळे मणक्यांच्या छिद्रांतून काही मिलिमीटर सरकतात. त्यामुळे सर्बियन दावा अधिक सयुक्तिक वाटतो, तरी नाव बदलण्याची चिन्हे नाहीत.

सुश्रुतसंहितेतील गृध्रसीच्या (सायटिकासारख्या विकाराच्या) लक्षणांत पायाच्या ‘क्षेपा’ला, म्हणजे पाय उचलून टाकण्याला, अटकाव होतो असे म्हटले आहे. काही अभ्यासक त्यात या परीक्षेचे बीज पाहतात. ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे व उपलब्ध पाठावर नंतरचे संस्कार झालेले आहेत. शिवाय तेथे लक्षण सांगितले आहे, वैद्याने करावयाची परीक्षा नव्हे. तेव्हा हे नाते जोडण्यात घाई होते.

तंत्रिका सरकते या निरीक्षणातूनच तंत्रिका-चालन व्यायाम आले. खुर्चीत बसून मान मागे नेत गुडघा सरळ केला, तर तंत्रिकेवर एका टोकाला ताण येतो आणि दुसऱ्या टोकाला ती सैल होते. मान पुढे वाकवून तोच व्यायाम केल्यास दोन्ही टोकांना ताण बसतो. दाह तीव्र असताना पहिला प्रकार निवडतात.

मणक्यांवर हाताने झटका देण्याच्या उपचारात ‘कट्’ असा आवाज येतो. तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने येतो; हाड ‘जागेवर बसल्या’चा नव्हे. मग आराम का पडतो? रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांच्या १९६५ च्या द्वार-नियंत्रण सिद्धांतानुसार स्पर्श व दाब वाहून नेणारे जाड तंतू मेरुरज्जूच्या (कण्यातील मज्जेच्या) पृष्ठशृंगात, म्हणजे मागच्या भागात, वेदनेचे संदेश अडवतात. सिद्धांताचे तपशील पुढे बदलले. त्याच्याच आधाराने त्वचेवरून विद्युत-उद्दीपन देणारी ‘टेन्स’ यंत्रे आली. मात्र दीर्घकालीन कटिशूलासाठी त्यांचा नेहमीचा वापर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने नाकारला आहे. कंबरेचे पट्टे आणि वजन लावून ताण देणे यांनाही तिचा पाठिंबा नाही. व्यायाम व रुग्णशिक्षण यांना आहे.

व्यायामाचा परिणाम स्नायूंपुरता नाही. १९९६ मध्ये पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवले, की कटिशूलग्रस्त माणूस हात उचलतो तेव्हा पोटाचा आडवा स्नायू निरोगी माणसापेक्षा उशिरा आकुंचन पावतो. म्हणजे उणीव बळाची नसून वेळेची, आणि वेळ साधणे हे तंत्रिका तंत्राचे काम. यावरून या एका स्नायूला आत ओढण्याचे व्यायाम जगभर लोकप्रिय झाले. ते इतर व्यायामांहून ठळकपणे सरस ठरले नाहीत. चालण्यापासून वजने उचलण्यापर्यंत बहुतेक व्यायामांचा लाभ साधारण सारखाच दिसतो. त्यामुळे हालचालीची भीती ओसरणे व मेंदूकडून मेरुरज्जूकडे उतरणारे वेदनाशमन यांना अधिक वजन दिले जाते.

भारतात भौतिकोपचाराचे शिक्षण पोलिओच्या साथीनंतर, बहुधा १९५२–५३ च्या सुमारास, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले.

लघवी अडणे वा तिच्यावरचा ताबा जाणे, गुदद्वार व मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता, दोन्ही पायांत वाढता अशक्तपणा ही लक्षणे मेरुरज्जूच्या टोकाखालील तंत्रिकांचा जुडगा दाबला गेल्याची असू शकतात. अशा रुग्णावर भौतिकोपचार सुरू करीत नाहीत. त्याला तातडीने शस्त्रवैद्याकडे पाठवतात.