पासिफिका विद्यार्थी : मैत्री आणि शालेय यश

सामोआ, टोंगा, कुक बेटे, नियुए, टोकेलाऊ, टुवालू, फिजी अशा बेटांशी नाते सांगणाऱ्या न्यूझीलंडमधील समाजाला पासिफिका म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कारखान्यांना कामगार हवे होते, तेव्हा यातली बरीच कुटुंबे आली. २०२३ च्या जनगणनेत ही लोकसंख्या सुमारे ४.४ लाख भरली; निम्म्याहून अधिक लोक ऑकलंडमध्ये राहतात.

शालेय निकालांत ही मुले सरासरीच्या मागे का, या प्रश्नाला गरिबी आणि भाषा ही ठरलेली उत्तरे मिळत आली. मित्रांचा विषय निघालाच तर 'वाईट संगत' म्हणून. ही समजूत अपुरी आहे. शिक्षकांना प्रश्न विचारणे अनेक पासिफिका घरांत आगाऊपणाचे वाटते. मग न कळलेले गणित मुलगी हात वर करून विचारत नाही, शेजारी बसलेल्या चुलतबहिणीला हळूच विचारते. शिक्षकाला ती कुजबुज वाटते. शिकणे मात्र तिथेच चाललेले असते. हुशारीनुसार तुकड्या पाडल्या की ही जोडी फुटते, आणि वरच्या तुकडीत गेलेली मुलगी अनेकदा एकटी पडते.

या सोबतीचे बळ उघड दिसते ते पॉलीफेस्टमध्ये. १९७६ साली ऑकलंडच्या ओटारा उपनगरातील हिलरी कॉलेज या शाळेत चार शाळांनी सुरू केलेला हा नृत्यमहोत्सव आता दरवर्षी हजारो विद्यार्थ्यांना मंचावर आणतो. सामोअन 'सासा' या बहुतांशी बसून करायच्या नृत्यात सगळ्यांची टाळी एकाच क्षणी पडावी लागते, त्यामुळे एकाने तालमीला दांडी मारली तर सगळी रांग बिघडते. हजेरी आणि गृहपाठ पूर्ण असेल तरच गटात जागा, असा नियम काही शाळा करतात. तो पाळायला लावण्यात शिक्षकांपेक्षा सवंगडीच कडक असतात, यात नवल नाही.

याची दुसरी बाजूही आहे. विद्यापीठ प्रवेशासाठी एनसीईए या न्यूझीलंडच्या शालेय प्रमाणपत्राच्या तिसऱ्या पातळीवर तीन मान्यताप्राप्त विषयांत प्रत्येकी १४ क्रेडिट लागतात. मैत्रिणींसोबत राहायचे म्हणून विषय निवडले, तर एकूण क्रेडिट भरूनही प्रवेश हुकू शकतो. शिक्षण मंत्रालयाच्या २०१८ मधील 'टापासा' या शिक्षकांसाठीच्या आराखड्यात तीनपैकी एक विभाग नात्यांचा आहे, पण त्याचा भर शिक्षकाने विद्यार्थी, पालक आणि समाजाशी नाते जोडण्यावर आहे. मुलांच्या आपसांतल्या नात्यांवर नाही.