काम सोपवणं आणि काम गळ्यात मारणं

"हे तू बघ." टीम लीडच्या तोंडी दिवसातून चार वेळा येणारं वाक्य. याच तीन शब्दांत काम सोपवलंही जातं आणि गळ्यातही मारलं जातं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: काम एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर गेलं, देणाऱ्याचा भार हलका झाला. गंमत अशी की आपण यांतलं नेमकं काय केलं, हे देणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही. घेणाऱ्याला मात्र दोन दिवसांत कळतं.

नव्याने लीड झालेल्यांचा यात जास्त घोटाळा होतो. कालपर्यंत ते स्वतः काम करत होते, त्यामुळे सुरुवातीला ते प्रत्येकाच्या स्क्रीनमध्ये डोकावत बसतात. मग कोणीतरी सांगतं, "अरे, जरा मोकळीक दे." आणि मोकळीक द्यायची म्हणून ते विचारपूसच बंद करून टाकतात.

मीही हेच केलं होतं. जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचं काम टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाला दिलं. "हे पूर्ण तुझं," असं म्हणालो आणि तीन आठवडे त्याला एका शब्दाने विचारलं नाही. त्याचा मला चक्क अभिमान वाटत होता. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी कळलं, की जुन्या नोंदींत तारखा दोन पद्धतींनी लिहिलेल्या होत्या. कुठे दिवस आधी, कुठे महिना आधी. त्याला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. कोणती नोंद कोणत्या पद्धतीची, हे क्लायंटकडून समजून घ्यायला हवं होतं. पण क्लायंटला थेट मेल केलेला चालतो की नाही, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मला विचारावं, तर 'एवढंही जमत नाही का' असं मला वाटेल ही धास्ती. शेवटी त्याने अंदाजाने काम रेटलं.

मी काम दिलं होतं, अधिकार दिलाच नव्हता. सोपवणं आणि गळ्यात मारणं यांतला पहिला फरक हाच, आणि तो काही नवा शोध नाही. फ्रेंच खाण-अभियंता हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची जी चौदा तत्त्वं मांडली, त्यांत अधिकार आणि जबाबदारी ही जोडी एकाच तत्त्वात बांधलेली आहे. वाणिज्य शाखेत ही तत्त्वं घोकलेले पुष्कळजण पुढे लीड होतात आणि पहिल्याच प्रोजेक्टमध्ये ती जोडी फोडतात. 'व्हेंडर तू ठरव' म्हणायचं आणि त्याचं प्रत्येक कोटेशन स्वतःच्या सहीसाठी अडवून ठेवायचं, हा त्यातला नेहमीचा प्रकार. काम खरोखर सोपवायचं असेल तर कोणाला थेट मेल करता येईल, न विचारता किती खर्च करता येईल, कोणाचा वेळ मागता येईल आणि तारीख किती दिवस पुढे नेता येईल, एवढं तरी पहिल्या दिवशी बोलून घ्यावं लागतं. पाच मिनिटांचं बोलणं असतं; पण तेच टाळलं जातं.

अधिकार देणं म्हणजे तरी काय, हे पाहायला मला अपोलो ११ चा प्रसंग फार आवडतो. २० जुलै १९६९ ला चांद्रयान खाली उतरत असताना त्याच्या कॉम्प्युटरवर १२०२ नावाचा अलार्म वाजला. उतरायचं की मोहीम अर्धवट सोडून परत वर निघायचं, हे काही सेकंदांत ठरवायचं होतं. मुख्य कंट्रोल रूममध्ये हा भाग स्टीव्ह बेल्स यांच्याकडे होता, वय २६. त्यांना मागच्या खोलीतून आधार होता जॅक गारमन यांचा, वय २४. कॉम्प्युटरवर कामाचा ताण पडतोय, पण तो कमी महत्त्वाची कामं बाजूला टाकून महत्त्वाची करतोय, तेव्हा अलार्म सारखा वाजत राहिला नाही तर पुढे जायला हरकत नाही, हे गारमन यांनी ओळखलं. बेल्स यांनी 'गो' दिला. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझ यांनी तो उचलून धरला.

ही गोष्ट सहसा इथेच संपवली जाते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, तरुणांवर काय विश्वास! पण खरा धडा त्याच्या काही दिवस आधीचा आहे. उड्डाणापूर्वीच्या एका सरावात असाच प्रोग्रॅम अलार्म मुद्दाम दिला गेला होता आणि बेल्स यांनी मोहीम सोडायचा निर्णय दिला होता. तो चुकीचा होता. उतरता आलं असतं. त्यानंतर क्रांझ यांनी सगळे संभाव्य अलार्म आणि प्रत्येकाला काय करायचं, याचा अभ्यास करून घेतला. गारमन यांनी हाताने लिहिलेली यादी तयार केली. प्रत्यक्ष उतरताना ती त्यांच्या हाताशी होती.

आता हाच प्रसंग गळ्यात मारण्याच्या पद्धतीने झाला असता तर? सरावातल्या चुकीनंतर वरिष्ठ म्हणाले असते, "अलार्मचं तुमचं तुम्ही बघा, पुन्हा असं व्हायला नको." शब्द कडक, काम तेच, माणसंही तीच, फक्त यादी तयार झाली नसती. नाहीतर उलट टोक: चूक झाली म्हणून निर्णय बेल्स यांच्याकडून काढून घेतला असता. क्रांझ यांनी निर्णय त्यांच्याकडेच ठेवला आणि तो नीट घेता यावा अशी तयारी करून घेतली.

तयारी किती लागेल, हे माणसागणिक बदलतं, आणि त्याच माणसाच्या बाबतीत कामागणिकही. चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे एकेकाळचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांचा यावर भर असे: माणूस एकूण किती अनुभवी आहे ते बघू नका, या विशिष्ट कामात किती मुरलेला आहे ते बघा. दहा वर्षं उत्तम कोड लिहिणाऱ्या बाईंना पहिल्यांदा क्लायंटशी स्कोपबद्दल, म्हणजे कामात काय येतं आणि काय नाही याबद्दल, घासाघीस करायला पाठवलं, तर त्या कामात त्या नवख्याच. त्यांना 'तुम्ही सीनियर आहात, जमेल तुम्हाला' म्हणणं हा कौतुकाच्या कागदात गुंडाळलेला ढकलण्याचाच प्रकार.

मग मधूनमधून विचारायचं की नाही? विचारायचंच. फक्त कधी, हे आधी ठरलेलं असावं. 'दर बुधवारी वीस मिनिटं बसू' ही देखरेख झाली. मला रात्री काळजी वाटली म्हणून सकाळी नऊला 'कुठवर आलं?' असा मेसेज टाकणं ही ढवळाढवळ. आणि तीन आठवडे गप्प राहणं, जे मी केलं, ते वाऱ्यावर सोडणं.

आता दुसरा मोठा फरक, जो काम बिघडेपर्यंत दिसत नाही. मराठीत आपण एकच शब्द दोन ठिकाणी वापरतो. काम करायची ती जबाबदारी, आणि त्याबद्दल उत्तर द्यायचं तीही जबाबदारीच. शब्दात 'जबाब' आहे, म्हणजे मूळ अर्थ खरं तर दुसराच. कोणत्या कामात कोणाची काय भूमिका, हे लिहिणारा जो 'रासी' (RACI) तक्ता प्रोजेक्टमध्ये करतात, त्यात हे दोन रकाने म्हणूनच वेगळे असतात: काम करणारे चारजण असू शकतात, जबाब देणारा एकच. सोपवताना पहिला रकाना समोरच्याकडे जातो, दुसरा लीडकडेच राहतो. गळ्यात मारताना दोन्ही जातात.

माझ्या त्या डेटाच्या प्रकरणात दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर मी म्हणालो होतो, "टीमकडून एक चूक झाली." तो मुलगा शेजारीच बसला होता. त्या 'टीमकडून' या शब्दाने माझ्या सगळ्या मोकळीकीची किंमत त्याला कळली.

कंटाळवाणं काम दिलं म्हणजे ढकललं, असं बरेचजण मानतात. मला पटत नाही. मीटिंगची टिपणं काढण्यासारखं रटाळ कामही नीट सोपवता येतं आणि सगळ्यांना हवंहवंसं कामही गळ्यात मारता येतं.

अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की आपण एखादीवर काम ढकलून बसलोय, तर? ते झडप घालून परत घेऊ नका. त्याचा अर्थ टीममध्ये 'हिला झेपलं नाही' असाच लावला जातो. तिच्याबरोबर बसा, राहून गेलेलं ते पाच मिनिटांचं बोलणं आत्ता करा, बुधवार ठरवा. आणि हे काम आता तिचं आहे, हे बाकीच्यांना सांगा. हे सांगणं राहिलं की क्लायंट तुम्हालाच फोन करत राहतो, तुम्ही सवयीने उत्तर देता आणि जिच्याकडे काम आहे तिला ते चार दिवसांनी तिसऱ्याकडून समजतं. मेलमध्ये तिचं नाव सीसीतून 'टू'मध्ये आणा. पुढचा फोन आला, तर उत्तर तुम्हाला तोंडपाठ असलं तरी तिचा नंबर द्या आणि फोन ठेवल्या ठेवल्या तिला कळवा.