एट्रिअल फ्लटर आणि छातीतील धडधड

एट्रिअल फ्लटर हा हृदयाच्या लयीचा विकार आहे. यात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, मिनिटाला साधारण २४० ते ३४० वेळा, बहुतेकदा ३०० च्या आसपास, आकुंचन पावतात. इतक्या घाईत ते धड भरतही नाहीत आणि रिकामेही होत नाहीत. खालचे कप्पे, म्हणजे निलय, यांतले काहीच ठोके घेतात, पण तेही बहुधा नेहमीपेक्षा बरेच जास्त असतात. रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो बहुतेकदा ‘छातीत धडधडतं’, ‘चढण चढताना धाप लागते’ किंवा ‘काही न करता थकवा येतो’ अशी तक्रार घेऊन. काही जणांना मात्र काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या ईसीजीत हा विकार सापडतो.

धडधड हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. एरवी आपल्याला स्वतःचे हृदय जाणवत नाही. ते जाणवू लागणे, एवढाच धडधडीचा अर्थ. धावल्यावर, भीती वाटल्यावर, तापात, रक्त कमी असताना, गरोदरपणात, थायरॉइडचे प्रमाण वाढल्यावर, शरीरातले पाणी कमी झाल्यावर हृदयाचा वेग वाढतो आणि त्यात लयीचा बिघाड मुळीच नसतो. चहा-कॉफी, तंबाखू, मद्य, दम्याच्या पंपातली काही औषधे यांनीही ठोके वाढतात. दुसरे अगदी सामान्य कारण म्हणजे वेळेआधी पडणारा एखादा जादा ठोका. त्याच्यानंतर हृदय क्षणभर थांबते, तेवढ्यात ते जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात पडतो. रुग्ण सांगतो, ‘ठोका चुकला आणि मग छातीत धक्का बसला.’ निरोगी हृदयात असे तुरळक ठोके बहुधा निरुपद्रवी असतात, पण ज्याला ते जाणवतात त्याची घालमेल खरी असते. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून त्याला परत पाठवणे योग्य नाही.

म्हणून धडधडीचे वर्णन नीट विचारून घेणे हा निदानाचा पाया आहे. ती हळूहळू वाढली की बटण दाबल्यासारखी अचानक सुरू झाली? ठोके एकसारखे होते की वेडेवाकडे? किती वेळ टिकली, आणि थांबली ती कशी? हळूहळू वाढून हळूहळू उतरणारी धडधड बहुधा हृदयाच्या नेहमीच्याच लयीची असते. एका क्षणात सुरू होऊन एका क्षणात थांबणारी, एकसारखी आणि फार वेगवान धडधड लयीच्या विकाराकडे बोट दाखवते. पूर्णपणे अनियमित ठोके असतील तर एट्रिअल फिब्रिलेशनची, म्हणजे अलिंदांच्या बेशिस्त थरथरीची, शंका येते. फ्लटरमधली नाडी पुष्कळदा नियमित असते, आणि इथेच गफलत होते. नाडी वेगवान पण एकसारखी लागली, की ताण किंवा अशक्तपणा समजून ती सोडून दिली जाते.

फ्लटर ओळखण्याची खूण त्याच्या यंत्रणेतच दडलेली आहे. हृदयाची विद्युत लहर उजव्या अलिंदातल्या सायनस नोडपासून निघते, दोन्ही अलिंदांत पसरते, एव्ही नोड या मधल्या चौकीवर क्षणभर रेंगाळते आणि मग निलयांत उतरते. तिथे ती विरते. नेहमीच्या प्रकारच्या फ्लटरमध्ये ही लहर विरतच नाही. उजव्या अलिंदात, त्रिदल झडपेच्या कडेभोवती ती गोल फिरत राहते. एका फेरीला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला ३०० फेऱ्या. या वर्तुळात एक अरुंद पट्टी लागते. एका बाजूला त्रिदल झडप आणि दुसऱ्या बाजूला शरीराच्या खालच्या भागातून रक्त आणणारी अधोमहाशीर, यांच्यामधला हा स्नायूचा चिंचोळा भाग. इथे लहर मंदावते, आणि म्हणूनच ती परत पहिल्या जागी पोहोचेपर्यंत तिथला स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार असतो. वर्तुळ अखंड चालते ते यामुळे. उपचारासाठीही हीच पट्टी सर्वांत महत्त्वाची ठरली.

एव्ही नोड ३०० लहरी पुढे जाऊ देत नाही. बहुतेक वेळा तो दोनांतली एक सोडतो, म्हणून नाडी मिनिटाला १५० च्या आसपास लागते. चारांतली एक सोडली तर ७५. विश्रांतीतही नाडी १५० जवळ अडकून बसली असेल, झोपून, बसून, श्वास शांत करूनही ती जवळजवळ हलत नसेल, तर फ्लटरचा विचार झालाच पाहिजे. घाबरलेल्या माणसाची नाडी थोड्या वेळाने उतरू लागते. फ्लटरची उतरत नाही, आणि उतरलीच तर पायऱ्यांनी उतरते, १५० वरून १०० किंवा ७५ वर. अलिंदातले वर्तुळ आपल्याच वेगाने फिरत असते, एव्ही नोड फक्त किती लहरी सोडायच्या ते ठरवतो. औषधांनी फ्लटरचा वेग ताब्यात ठेवणे फिब्रिलेशनपेक्षा अवघड जाते त्याचे कारणही हेच.

ईसीजीत या लहरी करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड्समध्ये, म्हणजे हृदयाला खालच्या बाजूने टिपणाऱ्या आलेखांत, त्या सर्वांत स्पष्ट असतात. मात्र नाडी १५० असताना दर दुसरा दाता निलयांच्या मोठ्या लहरीखाली लपतो आणि अनुभवी डोळ्यालाही चकवा बसू शकतो. अशा वेळी रुग्णालयात मानेतल्या धमनीवर दाब देऊन किंवा अडेनोसिन हे काही सेकंदच टिकणारे औषध शिरेतून देऊन एव्ही नोड थोडा वेळ रोखतात. निलय थबकतात आणि खालचे दाते उघडे पडतात. या उपायाने फ्लटर सहसा थांबत नाही, पण निदान पक्के होते.

या समजेपर्यंत पोहोचायला काही दशके लागली. जॉन मॅकविल्यम यांनी १८८७ मध्ये प्राण्यांच्या हृदयाला विद्युत उत्तेजन देऊन अलिंदांची अशी फडफड पाहिली होती. १९११ मध्ये एडिनबरा येथील विल्यम जॉली आणि विल्यम रिची यांनी माणसातील फ्लटरचे विद्युत आलेख मांडून तो फिब्रिलेशनपासून वेगळा दाखवला. लहर गोल फिरत राहू शकते हे जॉर्ज माइन्स यांनी १९१३ मध्ये हृदयाच्या स्नायूच्या कड्यावर प्रयोग करून सिद्ध केले, आणि टॉमस लुइस यांनी १९२० च्या सुमारास फ्लटरमागे हेच वर्तुळ असल्याचे प्रतिपादन केले. त्या वर्तुळातली नेमकी पट्टी ओळखून ती तोडण्याचा उपाय मात्र १९९० च्या दशकात रुळला.

वाढते वय, उच्च रक्तदाब, हृदयाची कमजोरी, झडपांचे आजार, फुप्फुसांचे जुनाट विकार, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडखळणे, मद्य आणि थायरॉइडची अतिक्रियता यांमुळे फ्लटरचा धोका वाढतो. पुरुषांत तो जास्त आढळतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत तो अचानक उद्भवू शकतो. जन्मजात दोषासाठी लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्यांत वर्षांनंतर जुन्या व्रणाभोवती लहर फिरू लागते; हा प्रकार निराळा आणि उपचारालाही अधिक अवघड.

फ्लटरपासून दोन मोठे धोके आहेत. अलिंद नीट आकुंचन पावत नसल्याने डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यात रक्त साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. धडधड जाणवो वा न जाणवो, हा धोका राहतोच. दुसरा धोका हळू येतो. आठवडेच्या आठवडे १५० च्या वेगाने धावणारे निलय थकतात, हृदयाची पंपाची ताकद घटते, पायांवर सूज येते, आडवे झाल्यावर श्वास अपुरा पडतो. सुदैवाने लय सुधारली की असे थकलेले हृदय पुष्कळदा पुन्हा सावरते.

उपचाराचा पहिला प्रश्न रुग्ण स्थिर आहे का, हा असतो. रक्तदाब कोसळला असेल, छातीत दुखत असेल किंवा फुप्फुसांत पाणी भरत असेल तर लगेच, रुग्ण शुद्धीवर असल्यास गुंगी देऊन, विजेचा नियंत्रित शॉक देतात. फ्लटर त्याला चांगला प्रतिसाद देतो आणि फिब्रिलेशनपेक्षा कमी ऊर्जा पुरते. घाई नसेल तर बीटा-ब्लॉकर, डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल यांसारख्या औषधांनी निलयांचा वेग कमी करतात. हृदय कमजोर असल्यास यांतली शेवटची दोन टाळतात. फ्लटर ४८ तासांहून जुना असेल किंवा कधी सुरू झाला ते ठाऊक नसेल, तर शॉकआधी किमान ३ आठवडे रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात, किंवा अन्ननलिकेतून केलेल्या इकोने अलिंदात गुठळी नाही याची खात्री करतात. शॉकनंतरही ही गोळी किमान ४ आठवडे चालू ठेवावी लागते, कारण लय परतली तरी अलिंदाची ताकद परतायला वेळ लागतो.

एका औषधी धोक्याकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवे. फ्लेकेनाइडसारखे लय सुधारणारे औषध एकटेच दिले, तर ते वर्तुळाचा वेग ३०० वरून २०० पर्यंत मंदावू शकते. ऐकायला हे चांगले वाटते. पण २०० लहरी एव्ही नोड एकूण एक पुढे सोडू शकतो आणि १५० ची नाडी २०० वर जाते. म्हणून त्याच्या जोडीला एव्ही नोड आवरणारे औषध देतात, आणि रुग्णाने मनाने त्यातली एक गोळी बंद करणे धोक्याचे ठरते.

नेहमीच्या फ्लटरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कॅथेटर अॅब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या उजव्या अलिंदात नेतात आणि झडपेपासून अधोमहाशीरेपर्यंतच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर रेडिओलहरींच्या उष्णतेने एक रेघ उमटवतात. रेघ पूर्ण झाली की लहरीला फिरायला वाट उरत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंनी विद्युत प्रवाह अडतो आहे, हे तिथल्या तिथे तपासून मगच नळ्या काढतात. यश ९० टक्क्यांहून जास्त असल्याने वर्षानुवर्षे औषधे घेण्याआधी हा पर्याय रुग्णासमोर ठेवायला हवा.

निदानाची खरी अडचण मात्र या सगळ्याच्या आधी असते: धडधड घरी होते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबते. शांत वेळी काढलेला ईसीजी सामान्य आला म्हणून धडधडीचे कारण सामान्य, असे ठरत नाही. रोज धडधड होत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र, पुरतो. आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा होणारी धडधड पकडायला जास्त दिवस लावायचे पट्टी-मॉनिटर किंवा त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर लागतो. मनगटी घड्याळांतली सूचना प्रामुख्याने अनियमित नाडी शोधते, त्यामुळे नियमित फ्लटर तिच्या नजरेतून सुटू शकतो. धडधड चालू असताना स्वतःची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून, तो आकडा, सुरू होण्याची वेळ आणि ठोके एकसारखे होते की नाही हे लिहून ठेवले, तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखले, धाप लागली, ती व्यायामाच्या भरात सुरू झाली, किंवा घराण्यात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर मोजत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

अॅब्लेशननंतर फ्लटर क्वचितच परततो, पण पुढच्या काही वर्षांत अनेकांना एट्रिअल फिब्रिलेशन होते. दोन्ही विकार एकाच प्रकारच्या आजारी अलिंदातून येतात. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करायची की नाही, हे धडधड थांबली यावरून ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, रक्तवाहिन्यांचे आजार आणि आधी झालेला पक्षाघात यांवरून ठरते. अनेकांना ती अॅब्लेशन यशस्वी होऊनही चालू ठेवावी लागते आणि अधूनमधून ईसीजी किंवा होल्टर करून घ्यावा लागतो.