गर्भातील आतड्याची वाढ

आतड्याची सुरुवात एका चपट्या थरापासून होते. फलनानंतर चौथ्या आठवड्यात गर्भ कडांनी दुमडतो आणि आतल्या थराची नळी बनते. (बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गरोदर बाईच्या पिशवीत असलेल्या तायी कार्डावरचे, म्हणजे कर्नाटकातल्या गरोदरपणाच्या सरकारी नोंद-कार्डावरचे, आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजलेले असतात, म्हणून तिथला आकडा दोनने जास्त. पुढे कार्डाचेच आठवडे धरले आहेत.)

नळीचा मधला भाग इतक्या झपाट्याने लांबतो, आणि यकृत इतकी जागा अडवते, की आठव्या आठवड्याच्या सुमारास आतडे पोट सोडून नाळेत उतरते. तिथे आपल्याच रक्तवाहिनीभोवती वळते, बाराव्या आठवड्यापर्यंत परत येते. सगळे मिळून समोरून पाहता घड्याळाच्या उलट २७० अंश. लहान आतड्याचा वरचा भाग आधी आत शिरून डावी बाजू धरतो. अंधनाल (मोठ्या आतड्याचे सुरुवातीचे टोक, यालाच अपेंडिक्स जोडलेले असते) सर्वांत शेवटी येते, यकृताखाली थांबते आणि मग उजवीकडे खाली सरकते. अपेंडिक्सचे दुखणे सहसा उजव्या कुशीत असते ते यामुळे. दहाव्या आठवड्याला आतडे अजून नाळेतच असते, म्हणून तेव्हाच्या स्कॅनिंगमध्ये नाळेत दिसणारा फुगवटा हा दोष नव्हे. पाचव्या महिन्यातही तो असेल तर मात्र चौकशी हवी. वळण अर्धवट राहिले तर जन्मानंतर आतड्याला पीळ पडू शकतो, आणि बाळाला हिरवी उलटी होते. अशा वेळी थांबून चालत नाही.

आतड्याला हलवणाऱ्या चेतापेशी मानेच्या पातळीवरून निघून वरून खाली सरकत जातात. त्या शेवटपर्यंत पोचल्या नाहीत तर तेवढा भाग हलतच नाही. हा हिर्शस्प्रुंगचा आजार, साधारण ५,००० बाळांत एकाला.

आकार लवकर तयार होतो, काम उशिरा जमते. चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याला बसतो. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज तर अगदी शेवटच्या आठवड्यांत वाढते. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे नाजूक असते, त्याला सूज येऊन ते सडण्याचाही धोका असतो. आईच्या दुधाने तो कमी होतो. इकडे म्हशीच्या चिकाचा खरवस घरोघर वाटतात. बाळंतिणीचा चीक मात्र कित्येक घरांत पिळून टाकत, हे विचित्रच.

गर्भजल गिळून साठलेली पहिली शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. लंगोटावरून धुता धुता निघत नाही. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना ती २४ तासांत होते. ४८ तास उलटले तर घुटी उगाळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.