‘साक्षर’ म्हणजे कोणत्या भाषेत? सोलापुरातल्या प्रौढ वर्गांची पार्श्वभूमी

गिरण्या आणि मागांच्या ओढीने तेलंगणातून विणकर सोलापुरात आले, शहराचा पूर्वभाग वसला, हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको. मोठ्या माणसांना शिकवायचं ते कशासाठी, हा वाद मात्र बराच नंतरचा.

निरक्षरता निर्मूलनासाठी १९६५ मध्ये तेहरानला भरलेल्या शिक्षणमंत्र्यांच्या जागतिक परिषदेने ‘कार्यात्मक साक्षरते’वर भर दिला. शिकलेली अक्षरं रोजच्या कामाला आली पाहिजेत, हे तिचं सूत्र. त्याच दशकात ब्राझीलच्या प्रौढ वर्गांतून वेगळा विचार पुढे आला. शिकणारा म्हणजे रिकामं भांडं नव्हे. आपली परिस्थिती त्याला वाचता आली पाहिजे. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने साक्षरता, कार्यक्षमता आणि जाणीवजागृती अशी तिन्ही उद्दिष्टं धरली. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननंतर आकडे गाठायची घाई झाली आणि जाणीवजागृती मागे पडली. माझ्या मते तिथेच मोठं नुकसान झालं.

खरा गुंता ‘साक्षर’ या शब्दातच आहे. जनगणनेच्या लेखी सात वर्षं वा त्याहून जास्त वयाची, कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती साक्षर. म्हणजे मार्कंडेयाची तेलुगू पोथी वाचणारी, नातवाला तेलुगूत चिठ्ठी लिहिणारी आजी साक्षरच. पण हीच आजी दिवसभर तेंदूपानं कातरून, हजार विड्या वळून कारखान्यात जाते. छाट (म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या) किती काढली, जमा किती धरल्या, ही कार्डावरची मराठी नोंद तिला शेजारच्या पोरीकडून वाचून घ्यावी लागते. अशा बाईला प्रौढ वर्गात पहिल्या दिवशी ‘अ’ गिरवायला बसवणं म्हणजे तिच्याजवळ आहे ते पुसून टाकणं. एका बाजूचं म्हणणं, शहराची लिपी आली की व्यवहार सुटतो, तेव्हा थेट मराठीच शिकवा. दुसरी बाजू म्हणते, तिच्या अक्षरांना आधी मान द्या, त्यांच्या आधाराने मराठीकडे या. मला दुसरी बाजू पटते. मुलांसाठी तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा या शहराने चालवल्या. मोठ्यांच्या बाबतीत तेवढा विचार झाला नाही.

२०२२ पासून सरकारी योजनेत ‘प्रौढ शिक्षण’ हे नाव मागे पडून ‘सर्वांसाठी शिक्षण’ आलं. राज्यात १७ मार्च २०२४ ला या योजनेत शिकणाऱ्यांची चाचणी परीक्षा झाली, तिचे भाग तीन: वाचन, लेखन, संख्याज्ञान. विडी कार्डावरची नोंद पडताळून चूक दाखवून द्यायची, तर हे तिन्ही लागतात.