दॉने, आल्फ्रेद

(१३ सप्टेंबर १८०१ – ७ मार्च १८७८). फ्रेंच वैद्य आणि वैद्यकीय सूक्ष्मदर्शनाचे आद्य शिक्षक. त्यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील न्वायाँ येथे झाला. पॅरिस येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८३१ मध्ये त्यांनी रक्तातील कण, पू आणि श्लेष्मा या विषयावर प्रबंध सादर केला. त्या काळी पॅरिसमधील अनेक नामांकित वैद्यांचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. यात नुसता हट्ट नव्हता. जुन्या भिंगांतून पाहताना वस्तूच्या कडेला रंगीत झालर उमटे, आणि दिसते ते खरोखर तेथे आहे की भिंगाने निर्माण केलेले आहे, हे सांगणे अवघड असे. अवर्णी (रंगीत झालर न उमटवणारी) भिंगे प्रचारात आल्यावर हा दोष पुष्कळ कमी झाला, मनातला संशय मात्र टिकून राहिला.

तो दूर करण्यासाठी दॉने यांनी एकट्याने पाहून वर्णन करण्याची रीत सोडली आणि विद्यार्थ्यांपुढे सूक्ष्मदर्शक ठेवून, ज्याने त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे वर्ग चालवले. फ्रेंच संशोधक दागेर यांची धातूच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची प्रकाशचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी दॉने यांनी सूक्ष्मदर्शकातून घेतलेली प्रकाशचित्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. लेआँ फूको, जे पुढे पृथ्वीचे परिवलन लंबकाने दाखवून प्रसिद्ध झाले, ते या कामात त्यांचे साहाय्यक होते. दागेर पद्धतीच्या पत्र्यावरील चित्राच्या प्रती निघत नसल्याने त्यावरून हुबेहूब कोरीव चित्रे करून घ्यावी लागली. दॉने यांचा पाठ्यग्रंथ १८४४ मध्ये व त्याला जोडलेला चित्रसंग्रह १८४५ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताने काढलेल्या आकृतीत पाहणाऱ्याचे मत नकळत मिसळते, म्हणून प्रकाशाने स्वतः उमटवलेले चित्र त्यांना हवे होते. या आग्रहातच त्यांचे खरे मोठेपण आहे.

स्त्रियांच्या योनिस्रावात १८३६ मध्ये त्यांना सापडलेला ट्रायकोमोनास हा एकपेशीय जीव पुढे दीर्घकाळ निरुपद्रवी समजला गेला. आज तो लैंगिक संसर्गाचे एक प्रमुख कारण म्हणून ओळखला जातो. रक्तातील बिंबाणूंचे (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म कणांचे) आरंभीच्या वर्णनांपैकी एक (१८४२) त्यांचेच असून, बाळंतिणीच्या पहिल्या चिकाच्या दुधातील मोठे कण त्यांच्या नावाने ओळखले जातात. एका रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशींची विलक्षण वाढ त्यांनी पाहिली आणि त्या पेशींचा विकास मध्येच अडला असावा, असा तर्क १८४४ च्या ग्रंथात मांडला. स्कॉटलंडमधील वैद्य बेनेट आणि जर्मन वैद्य फिरखो यांनी ल्युकेमियाची (पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाची) वर्णने त्यानंतर, १८४५ मध्ये, प्रसिद्ध केली. पुढे दॉने माँपेल्ये येथील अकादमीचे (सरकारी शिक्षण विभागाचे) रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाले.